पहिल्या हाकेला ओ

परवा साताऱ्याहून एका गिर्यारोहण संस्थेचा फोन आला. कातळ चढणाऱ्या बायकांवर स्मरणिका काढतायत. "मॅडम, तुमचं प्रेरणास्थान कोण, ते शंभर शब्दांत पाठवा. फोटोसकट." मी म्हटलं, हरणाबाई. पलीकडून विचारलं, "कुठलं शिखर केलंय त्यांनी?" कुठलंच नाही हो बाबा! शेरडं काढायला कड्यावर चढते ती. "नाही, म्हणजे एखादं ओळखीचं नाव दिलंत तर..." मी फोन ठेवला. माझा स्वभाव तापट आहे, कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहितीय. शंभर शब्दांत हरणाबाई बसत नाही. म्हणून हे लांबलचक लिहायला घेतलंय. छापायचं तर छापा, नाहीतर राहू द्या.

मी उमा. सांगलीत विश्रामबागेत एका कॉलेजात खेळ शिकवते. चढाई शिकले ती साताऱ्याच्या मुलांच्या गटात. शिकले म्हणजे काय, पहिली तीन वर्षं खाली उभी राहून दोर धरला. चढणाऱ्याच्या कमरेचा दोर खालून कुणीतरी सांभाळावा लागतो, तो पडला तर त्याच दोरावर थांबतो. ते काम माझं. वर मुलं चढणार, खाली मी मान मोडेस्तोवर वर बघत उभी, आणि जेवायच्या वेळी "उमा, चपात्या आणल्यास ना?" पुढं होऊन कातळाला हात घालणारी बाई मी तोवर एकही बघितली नव्हती. बायकांना हे जमत नाही असं तोंडावर कुणी म्हणत नसे, पण मलाच तसं वाटायला लागलं होतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. शिराळ्याच्या पश्चिमेला, डोंगरात आत, घारकडा म्हणून एक काळा सरळ कडा आहे. अर्ध्यावर त्याचा कातळ छपरासारखा पुढं आलाय, त्याच्या वर गेलेलं माणूस खालून दिसत नाही. त्या कड्याची एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. तिथं आवाज घुमत नाही. दुसऱ्या कुठल्याही कड्याखाली हाक मारा, परत येते. इथं मारलेली हाक जाते ती जातेच. आमच्या गटाचा म्होरक्या मधुकर म्हणायचा, कातळाचा आकारच तसा आहे. असेल.

त्या दिवशी मधुकर दोरावर लोंबकळत धापा टाकत होता. तेवढ्यात त्याच्या शेजारून एक बाई वर गेली. डोक्याला पदर गुंडाळलेला, लुगड्याचा कासोटा, पायात काही नाही. "सरका वाईच. शेरडू अडाकलंय."

"अहो मावशी, पडाल!" मधुकर ओरडला.

"तुमी बांदून घ्येतलंय न्हवं? मग तुमी कशाला भ्येताय?"

छपराखालच्या फटीतलं शेरडू तिनं काढलं, खांद्यावर टाकलं आणि जशी गेली तशी उतरली. माझ्यापाशी येऊन थांबली. माझ्या हातातला दोर बघितला, वर मधुकरकडे बघितलं. "आन तुमी वं? तुमी खाली काय करताय?"

त्या दुपारी मी मधुकरला म्हटलं, आता तू धर दोर. पंधरा फूट चढले आणि हात सुटून पडले, पण या खेपेला दोराच्या वरच्या टोकाला मी होते. एवढा आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता, खरंच सांगते.

ती हरणाबाई. मूळ वस्ती कवठे महांकाळच्या पुढं, कोरड्या माळावर. दिवाळी झाली की मेंढरं आणि चार शेरडं घेऊन हे लोक पश्चिमेला येतात, पावसाळ्याच्या तोंडाला परत जातात. तळ दरवर्षी घारकड्याखालीच. पुढं मी कॉलेजातल्या मुलींचा गट काढला आणि हिवाळ्यात दर रविवारी तिथं जायला लागले. मुली तिला आत्ती म्हणायला लागल्या. लिहिताना मीही तिला 'ती'च म्हणतेय, घरच्या माणसाला म्हणतो तसं.

पहिल्यांदा तिच्या लुगड्यावर दोर अडकवायच्या हार्नेसचे पट्टे चढवले तेव्हा मुली हसून लोळायच्या बाकी होत्या. तीही हसली. "बैलाला बी येवडं दावं लावत न्हाईत गं!" हाताला लावायची पांढरी पावडर दिली तर वास घेऊन परत केली आणि तळहाताला माती चोळली. तिचं शिकवणं दोन वाक्यांचं. "हातानं लोंबकळू नगासा, पायावं हुबं ऱ्हावा. आन कातळाला आदी ईचारा." विचारा म्हणजे बोटाच्या पेरांनी ठोकून बघा. भरीव वाजला तर भार टाका, पोकळ वाजला तर हात मागं घ्या. माझ्या गटातली एकही मुलगी आजवर निसटत्या दगडानं पडलेली नाही, ती या दुसऱ्या वाक्यामुळं.

खोड एकच. हाकेला ओ देत नसे.

एकदा तिच्या हातात दोर दिला होता. वरून मुलगी ओरडली, "आत्ती, दोर ओढा!" आत्ती गप्प. पुन्हा ओरडली. आत्ती गप्प. तिसऱ्यांदा ती पोर रडकुंडीला येऊन किंचाळली तेव्हा कुठं, "ओ! वडला गं!" माझं डोकंच फिरलं. "हरणाबाई, बहिऱ्या झालात का? वर पोरीचा जीव टांगलाय!"

"आवं बाई, रानात तीनदा हाक आल्याबगार ओ देऊ ने. मानूस आडलं तर फिरून हाक मारतंय. एकदाच मारतंय ते मानूस नसतंय."

"माझ्या गटात हा येडेपणा चालायचा नाही. पहिल्या हाकेला उत्तर. नाहीतर दोराला हात लावायचा नाही."

"बरं," म्हणाली, आणि दोर माझ्या हातात दिला. त्यानंतर तिनं कधी दोर धरला नाही. छपराच्या खालपर्यंत चढायची, शिकवायची, पण मुली वर असल्या की खाली एका दगडावर कड्याकडे तोंड करून बसायची. मी मनात म्हटलं, एवढी धीट बाई आणि एवढी अडाणी! असं म्हटलं होतं मी, लपवत नाही.

दोन-तीन वर्षांनी एका दुपारी मी ती हाक ऐकली. ऊन डोक्यावर होतं. मुली ओढ्यावर पाणी भरायला गेल्या होत्या, कड्याखाली मी आणि हरणाबाई दोघीच. वरून, छपराच्याही वरून, लहान मुलीचा आवाज आला, "आक्का!"

एकदाच. वारा पडलेला होता, आवाज अगदी स्वच्छ आला.

"कुणाची पोर चढलीय वर?" मी उठलेच. हरणाबाई हलली नाही. तिनं उजव्या हाताचा अंगठा मिटून घेतला आणि वर बघत राहिली. मी कड्याच्या कडेनं वर जायच्या पायवाटेनं धावत गेले, माथ्यावर पोचायला अर्धा तास लागला. माथ्यावर गुडघाभर वाळलेलं गवत, एकही काडी मोडलेली नाही. खाली आले तर हरणाबाई तशीच बसलेली, अंगठा तसाच मिटलेला. माझ्याकडे बघितलं आणि हळूच अंगठा उघडला.

"कोण होतं हो?"

"कोन न्हाई, बाई. बसा. पानी प्या."

अंगावर काटा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तरी मी स्वतःला समजावलं, पलीकडच्या खोऱ्यातली एखादी मुलगी असेल, आवाज वाऱ्यानं आला असेल. वारा नव्हता हे मला आठवत होतं.

आता प्रांजलचं सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे. प्रांजल ही हरणाबाईच्या मुलाची, भाऊसोची मुलगी. आजीच्या मागून कातळावर रांगत वाढलेली. बारावीनंतर आमच्याच कॉलेजात आली आणि माझ्या गटात अशी चढायला लागली की मी तोंडात बोट घालावं. गेल्या वर्षी पावसाळ्यात म्हणाली, "बाई, जानेवारीत मी घारकडा पुरा चढणार. छपराच्या वरनं, माथ्यापातुर. पुढं मीच." तोवर तो कडा तीन-चार पुरुषांनी पुरा केला होता. बाई एकही नाही.

हरणाबाईनं नाही म्हणून सांगितलं. साधं नाही नव्हे, भाऊसोला सांगून पोरीचं कॉलेज बंद करायची भाषा. प्रांजल माझ्याकडे येऊन रडली. "आज्जी चढती म्हनून मी चढाय लागले. आता तीच न्हाई म्हनती. मग मी कुनाकडं बगायचं, बाई?"

मी तडक कवठे महांकाळची बस धरली. वस्तीवर हरणाबाई झोपडीत लोकर कातत बसली होती. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. म्हटलं, तुम्हीच मला विचारलं होतंत ना, खाली काय करताय म्हणून? आणि आता नातीला खाली बसवता? शोभतं का हे?

ती ऐकत राहिली. मग कातायचं बाजूला ठेवलं.

"बाई, माज्या मागनं यक चढली हुती."

धाकटी बहीण, रंगू. हरणाबाई तेव्हा पंधराची, रंगू अकराची. रंगू कड्याच्या कडेनं वाढलेली, सगळं हिचंच बघून शिकलेली, हिच्यासारखाच कासोटा मारायची. वस्तीवर सगळ्यांना माहीत होतं की रंगूला घारकड्यानं नेलं. हाक मारून नेलं, असं हरणाबाईनंच सांगितलं होतं. त्रेचाळीस वर्षं तेच सांगत आली होती.

"खोटं हाय ते," ती म्हणाली. "तिला कुनी हाक मारली न्हाई. तिनं मला मारली."

करडू छपराच्या वर गेलं होतं. रंगू त्याच्यामागं गेली, दिसेनाशी झाली. ही खाली मेंढरांत. वरून हाक आली, आक्का! एकदाच. बापानं शिकवलेलं होतं, तीनदा आल्याबगार ओ द्यायची नाही. हिनं तोंडाला पदर लावला, एक हाक झाली म्हणून अंगठा मिटला आणि दुसरी हाक यायची वाट बघत बसली. आपण फसलो नाही याचं तिला बरंसुद्धा वाटलं होतं. दुसरी हाक आली नाही. थोड्या वेळानं दगड आले, आणि दगडांमागून रंगू.

"ती इचारत आसंल बाई, पाय कुटं ठिवू म्हनून. खालनं मला दिसत नव्हतं, पर मी ओ दिली आसती तर ती थांबली आसती. आक्का हाय म्हनून थांबली आसती. ओ आली न्हाई, तवा तिला वाटलं मी न्हाई तितं. येकटीच उतराय लागली." मग म्हणाली, "करडू संध्याकाळी आपल्या पायानं खाली आलं."

मला रडू आलं. तिला नाही. तिनं सांगितलं की त्यानंतर दरवर्षी त्या कड्यावरून हाक येते. वर्षातून एकदा, कधी दोनदा. आक्का, एवढंच. ती अंगठा मिटते आणि दुसरीची वाट बघते. दुसरी आली तर ती रंगू, नाही आली तर ते दुसरं काहीतरी. कधीच आली नाही. "मंग कशी ओ देऊ? रंगी नसली तर?"

"आणि असली तर?" माझ्या तोंडून गेलं.

तिनं लोकर पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "पोरगी चोरून जाईल. माजीच हाय ती. त्यापरास मी खाली असंन. सांगा तिला, चढ म्हनावं." मी जिंकून आले होते, पण परतीच्या बसमध्ये मला जिंकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. जी हाक मीही ऐकली होती, त्या हाकेच्या तोंडाशी मी एकोणीस वर्षांची पोर पाठवत होते.

जानेवारीतला दुसरा रविवार. सकाळी साडेदहाचं स्वच्छ ऊन. दोर माझ्याकडे. हरणाबाई तिच्या दगडावर. बाकीच्या मुली लांब सावलीत, त्यांना मी तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. प्रांजलनं तळहाताला माती चोळली, आजीच्या पाया पडली आणि कातळाला हात घातला.

छपरापर्यंत सुंदर गेली. छपराच्या कडेला हात टाकला, पाय झुलले, वर ओढून घेतलं आणि दिसेनाशी झाली. आता मला तिची खबर फक्त दोर देणार. दोर हातातून हळूहळू वर सरकत होता. वीतभर, थांबला. पुन्हा वीतभर. वरचा कातळ तिला नवा होता, तिनं दोर अडकवलेली शेवटची जागा छपराच्या काठाला होती. तिथून पुढं ती पडली तर आधी मोकळीच खाली येणार आणि छपराची धार दोराला लागणार. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. थंडी होती तरी.

पाखरं ओरडत होती ती थांबली. हे मला नंतर आठवलं असं नाही, तेव्हाच जाणवलं.

"आक्का!"

छपराच्या वरून. तोच आवाज. प्रांजलचा नाही, प्रांजलचा आवाज घोगरा आहे आणि ती हरणाबाईला कधी आक्का म्हणत नाही. मी दोर घट्ट आवळला आणि मान वळवून हरणाबाईकडे बघितलं. तिचा अंगठा मिटायला लागला होता. अर्धा मिटला. तिथं थांबला.

मग ती उठली. पदर डोक्यावरून पडला तो तिनं सावरला नाही.

"ओऽऽ!" ती ओरडली. "ओ गं रंगे! हाय गं मी हितंच! थांब! आक्का हाय!"

तिच्यात एवढा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि त्या कड्यावर, जिथून अकरा वर्षांत माझी एक हाक परत आली नव्हती, ती ओ परत आली. थांब, थांब, आक्का हाय. सावलीतल्या मुली एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

दोर सरकायचा थांबला. मी मोजलं नाही, पण चार-पाच श्वास झाले असतील. मग वरून प्रांजल किंचाळली, "दगड! दगड!" मी कातळाला चिकटले. जात्याएवढी कातळाची फरशी छपराच्या काठाला घासून आमच्या पलीकडे जाऊन आदळली आणि तिचे तुकडे ओढ्यापर्यंत गेले. माझे दोन्ही हात दोरावर होते. मी ओढ बसायची वाट बघत होते. ओढ बसली नाही.

"प्रांजल!"

"ओ!" पहिल्या हाकेला. "बरी हाय मी, बाई! दोर सोडा, चढतीय!"

अर्ध्या तासानं ती माथ्यावर उभी होती. घारकडा पुरा करणारी पहिली बाई, आणि खाली आम्ही कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत.

पायवाटेनं उतरून आली तेव्हा तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं, बाकी काही नाही. आल्या आल्या आजीपुढं बसली. "आज्जी, तू कुनाला ओ दिलीस गं?"

हरणाबाईचा चेहरा पांढरा पडला होता. "तुला हाक ऐकू आली?"

"व्हय की. माज्या डोस्क्यावरनं. बारकी पोरगी हुती कुनीतरी. मी एक हात त्या फरशीवर टाकला हुता, ईचारायचं इसरले घाईत. दुसरा हात टाकून लोंबकळणार, तवर ती हाक आली, आन लगीच तुजी ओ. थांब म्हनलीस. म्हनून थांबले. मग ठोकून बगितलं तर सगळी पोकळ. हात काढला तशी ती हालली आन गेलीच."

हरणाबाईनं तिचे दोन्ही हात धरले. "किती बार मारली हाक?"

"एकदाच."

"फिरून न्हाई मारली?"

"न्हाई. कशाला मारंल? तू ओ दिलीस की."

तेव्हा ती रडली. वस्तीवर मला सगळं सांगताना जी रडली नव्हती ती तिथं, मुलींच्या देखत, तोंडाला पदर न लावता रडली. प्रांजलला वाटलं, आजी आपल्यासाठी रडतेय. तिला रंगूची खरी गोष्ट माहीत नव्हती, आणि सांगायची ती हरणाबाईनं सांगायची, मी नव्हे. मी दोर गुंडाळत राहिले. डोळ्यांपुढं धूसर झालं होतं, दोराचे वेढे चुकत होते, परत परत सोडून गुंडाळत होते.

त्या दिवशी ती आमच्याबरोबर जीपमध्ये शिराळ्यापर्यंत आली. नातीला सोडवत नव्हतं तिला. खिडकीशी बसली होती, काही बोलत नव्हती. घाट उतरल्यावर प्रांजलकडे वळून म्हणाली, "लगीच दिली न्हवं गं मी ओ?"

"लगीच, आज्जी."

ओढ्याच्या पुलावर पुन्हा विचारलं. प्रांजल हसून म्हणाली, लगीच. शिराळ्याच्या स्टँडवर उतरताना, पाय खाली ठेवायच्या आधी, तिनं तिसऱ्यांदा विचारलं. प्रांजल आता हसली नाही. तिनं आजीचा हात धरून तिला खाली घेतलं आणि म्हणाली, "व्हय आज्जी. लगीच दिलीस."